आधी आजीला विचार, मग कात्री लाव

अगं, तुझा निरोप मिळाला. वहिनीच्या बाळाचं बारसं, मावसबहिणीची लग्नानंतरची पहिली संक्रांत आणि वडिलांची निवृत्ती, तिन्ही एकाच हिवाळ्यात! तू विचारलंस, ‘ताई, हाताने काहीतरी करून द्यावंसं वाटतं, पण चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करून घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही. सरळ ऑनलाइन काहीतरी मागवू का?’

मागवू नकोस. कर. जमेल तुला. फक्त काय करायचं, किती करायचं आणि कशाचं करायचं हे आधी ठरवू या, कारण बायका थकतात त्या शिवण्याने कमी आणि नको एवढं मोठं काम अंगावर घेतल्याने जास्त.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. घरातल्या सोहळ्यासाठी आठवणीची वस्तू करायची तर ती घरच्यांच्याच कापडातून कर, लहान कर आणि वापरात राहील अशी कर. काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तूवर चार महिन्यांत धूळ बसते. दुपटं, झबलं, उशीचा अभ्रा, अंतरपाट या वस्तू मात्र हाताळल्या जातात, धुतल्या जातात आणि दर वेळी कुणी केल्या त्याची आठवण निघते.

आणि तू राहतेस कुठे ते तरी बघ. सोलापुरात 1877 साली जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून या गावाचं पोट कापडावर चाललंय. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला 2005-06 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्व भागात पद्मशाली घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माग चालले. शाळेचे गणवेश इथून कुठे कुठे जातात. इतकं कापड आपल्या माणसांच्या हातून जातं आणि आपल्याच भाच्याच्या बारशाला आपण प्लॅस्टिकच्या खोक्यातला सेट घेऊन जायचं, हे मला मनापासून खटकतं.

आता एकेक घेऊ. पहिलं बारसं.

बाळंतविडा द्यायचा म्हणून तू पंचवीस वस्तूंची यादी करशील. करू नकोस. तीन गोष्टी पुरेत: दोन झबली, एक दुपटं आणि अंग पुसायचा टोपीवाला पंचा. झबल्यासाठी वापरून मऊ झालेलं सुती कापडच घे. आजीचं नऊवारी लुगडं घरात असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची खळ निघून गेलेली असते आणि धागा सैल पडलेला असतो, म्हणून ते बाळाच्या अंगाला टोचत नाही आणि घामही टिपतं. झबल्याला बटण लावू नकोस, बंद लाव. शिवण आतून कडक लागत असेल तर ती बाहेरच्या बाजूला घे, दिसायला थोडी वेगळी दिसेल, पण बाळाच्या काखेत काचणार नाही. जरीचा काठ बाळाच्या मानेला लागेल असा कधीच ठेवू नकोस, हवा तर दुपट्याच्या कडेला लाव.

दुपटं साधारण 1 मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद पुरतं. दोन्ही बाहेरच्या बाजूंना लुगड्याचं कापड आणि मध्ये जुन्या सुती साडीचे दोन पदर, एवढंच. जास्त जाड केलंस तर सोलापूरच्या उन्हाळ्यात ते कपाटातच जाईल. सगळे पदर जमिनीवर पसर, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढ आणि लांब लांब कच्चे टाके घालून घे. हे टाके घालायचा कंटाळा केला की पदर सरकतात आणि शेवटी एक कोपरा वाकडा येतो. मग कडेपासून आत आत धावदोरा घालत ये. टाके तांदळाच्या दाण्याएवढे आले तर छानच, थोडे मोठे आले तरी बिघडत नाही. आपल्याकडे कुणी याला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ, कानडी घरात कौदी, तेलुगू घरात बोंत. तुझ्या गल्लीत यातली एक तरी हाताने घालणारी म्हातारी नक्की असेल. रविवारी तासभर तिच्या शेजारी जाऊन बस. गाठ आत कशी लपवायची हे तिच्या बोटांकडे पाहून जितकं लवकर कळेल तितकं मोबाइलवर बघून कळत नाही.

पंच्यासाठी टेरी टॉवेल घे. थोडा डाग पडलेला किंवा कडेला चुकलेला सेकंडचा माल असला तरी चालेल, मात्र नवा आणि सुती हवा. एका कोपऱ्यावर त्रिकोणी तुकडा शिवला की झाली टोपी. एक लक्षात ठेव: टेरी कापलं की कडेने धागे सुटायला लागतात आणि बारीक तंतू सगळीकडे उडतात. म्हणून कापल्या कापल्या कडेला झिगझॅग मारून घे किंवा सुती पट्टीची पायपिंग लाव. द्यायच्या आधी सगळं दोनदा साध्या साबणाने धू आणि कडक उन्हात वाळव.

आता मी सगळ्यात महत्त्वाचं म्हणते ते. लुगडं कापण्याआधी आजीला विचार. तिच्या समोर बसून विचार, आईकडून निरोप पाठवू नकोस. आपल्याला जे जुनेर वाटतं ते तिने कुठल्या तरी लग्नात नेसलेलं असतं, कुठल्या तरी बाळंतपणानंतर माहेरहून मिळालेलं असतं. ती नाही म्हणाली तर दुसरं माग, हट्ट करू नकोस. हो म्हणाली तर कुठून कापू तेही तिलाच विचार, आणि काठ तिच्यासाठी बाजूला काढून ठेव. गेलेल्या माणसाचं कापड असेल तर त्यावर एकट्या तुझा हक्क नाही. भावंडांना, काकूला, ज्यांना ज्यांना त्याची ओढ असेल त्यांना आधी सांग. आठवणीची वस्तू करताना एखाद्याचं मन दुखावलं, तर त्या वस्तूकडे बघून पुढे तेच आठवत राहतं.

बाळ संक्रांतीपर्यंत दोन-तीन महिन्यांचं होईल. सोलापूरच्या बाळाची पहिली संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची संक्रांत. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत दिसतं. मग तू भाच्यासाठी एक इवलीशी बाराबंदी का शिवत नाहीस? पांढरं मलमल किंवा जुनं मऊ धोतर घे. काकाचं, मामाचं, आजोबांचं, ज्यांनी यात्रेत ते नेसलंय त्यांचं मिळालं तर फारच छान. बाराबंदीला बंदच असतात, त्यामुळे बाळाला घालायला-काढायला सोपी जाते. बंद मात्र लहान ठेव, बोटभर लांबीचे, म्हणजे गळ्याशी किंवा बोटांशी गुंतणार नाहीत. पुढे घरात दुसरं बाळ आलं की तेही तीच घालील. एका बाराबंदीवर घरातल्या चार लेकरांच्या पहिल्या यात्रा झाल्या तर याहून मोठं काय हवं?

बोरन्हाण घालाल तेव्हाही एक काळजी घे. इतक्या लहान बाळाच्या डोक्यावरून बोरं आणि उसाची कांडकी ओतायची हौस आवर. चार चुरमुरे आणि फुलाच्या पाकळ्या पुरतात. हलव्याचा दागिना अंगावर घातला तर फोटो होईपर्यंतच, आणि कुणीतरी मोठं माणूस हातभर अंतरावर हवं. सुटलेला हलव्याचा दाणा थेट तोंडात जातो. तसंच पाळण्यावर टांगायचं चिमणाळं तू करशील तर जरूर कर. उरलेल्या चिंध्यांच्या चिमण्या, आत कापूस, वर रंगीत दोरा. पण मणी, टिकल्या, घुंगरू काही लावू नकोस आणि बाळाचा हात पोचणार नाही एवढं उंच टांग.

आता मावसबहिणीची पहिली संक्रांत. काळी साडी तिच्या सासरची मंडळी घेतीलच, हलव्याचे दागिने तू कर.

काटेरी हलवा घरी करायचा विचार तूर्त सोड. परातीखाली अगदी मंद आच ठेवायची, तीळ किंवा खसखस त्यात घ्यायची, चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. थर वाळला की पुन्हा पाक. असं करत करत काही दिवसांनी त्याला काटा येतो. थंडी कोरडी असेल तरच तो नीट येतो. हे काम घरी बसून असलेल्या, सवयीच्या हातांचं आहे. शिफ्टवरून आलेल्या पोरीने तयार हलवा विकत आणावा, त्यात काही कमीपणा नाही. दागिना गुंफण्यात तुझा हात लागू दे.

हलवा निवडून घे. मोठा दाणा हारासाठी, मध्यम बाजूबंदासाठी, बारीक बिंदीसाठी. जाड पुठ्ठा कापून त्यावर काळं सुती कापड किंवा सोनेरी कागद चिकटव. दाणा डिंकाने नुसता चिकटवला की हॉलमधल्या गर्दीत आणि उकाड्यात सुटतो. म्हणून दुहेरी दोऱ्याने एकेक दाणा काट्यांच्या खाचेत अडकवून बांध. वेळ लागतो, पण तो घट्ट बसतो. हार, कानातले, बिंदी आणि बाजूबंद एवढेच कर. कंबरपट्टा आणि मुकुट यांच्या नादी लागलीस तर रात्री दोनपर्यंत जागशील आणि सकाळी पहिल्या शिफ्टला डोळे मिटतील. मशीनवर काम करणाऱ्या मुलीने झोप मोडून कलाकुसर करायची नाही, हे माझं ठाम सांगणं आहे. बोटं दोन्हीकडे लागतात गं.

तयार दागिने हवाबंद डब्यात ठेव आणि बाहेरून डब्याला मुंगीची वाट बंद कर. हलवा वर्षानुवर्षं टिकत नाही, ओल लागली की पाझरतो. म्हणून कार्यक्रमानंतर दाणे काढून टाक आणि पुठ्ठ्याच्या त्या बैठका, त्यांना लावलेलं कापड, दोऱ्याची नक्षी जपून ठेवायला सांग. तिच्या बाळाच्या बोरन्हाणाला त्यावरच नवा हलवा गुंफता येईल.

आता तुझ्या वडिलांकडे येते. त्यांच्या निवृत्तीबद्दल मी जास्त बोलणार, कारण बारशाला आणि संक्रांतीला निदान रीत तरी सांगते काय करायचं ते. कामगाराच्या निवृत्तीला काय करायचं ते कुणी सांगत नाही. शाल, नारळ, हार आणि एक घड्याळ देतात आणि माणूस घरी येतो.

इतकी वर्षं ते पुणे रस्त्याने चिंचोळीला जात राहिले. त्या वसाहतीत कापड निघतं, रसायनं तयार होतात, गाड्यांच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट घडतात. ज्यांनी हे सगळं घडवलं त्यांच्या अंगावर रोज एकच कपडा होता, गणवेशाचा शर्ट. तो तू घे. शेवटच्या दिवशी घालायचा एक बाजूला ठेवून बाकीचे जुने दोन-तीन माग. त्यातून त्यांच्यासाठी पांघरायची एक हलकी गोधडी किंवा बसायचं बस्कर कर.

हे मी माझ्या मनाने सांगते असं समजू नकोस. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची काळ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या घालत आल्या. मिझुरी पेटवे नावाच्या बाईने 1942 साली नवरा गेल्यावर त्याचे शेतातले कामाचे कपडे फाडून, मुलीला मदतीला घेऊन गोधडी शिवली. गुडघ्याशी विरलेलं, उन्हाने विटलेलं कापड तिने तसंच ठेवलं. 2002 साली या वस्तीतल्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लोकांनी रांगा लावून पाहिल्या. त्यांनी घालताना संग्रहालयाचा विचार केला नव्हता, घरात थंडी होती म्हणून घातल्या. पण कष्टाच्या कपड्याला किती मान असतो ते त्या बायकांना आधीच कळलं होतं.

म्हणून शर्टाचा खिसा उसवू नकोस. पेन अडकवून अडकवून त्याची कड झिजली असेल, ती तशीच दिसू दे. नावाची पट्टी असेल तर ती मधोमध येऊ दे. कोपर विरलेलं असेल तर मागून अस्तर लावून घे. मात्र दोन गोष्टी पाळ. रसायनाच्या खात्यातला किंवा तेल-ग्रीस मुरलेला कपडा घेऊ नकोस, तो कितीही धुतला तरी घरात अंथरायच्या लायकीचा राहत नाही. आणि गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉट असतं. ते घाम टिपत नाही, शिवाय चार पदर झाले की सुईला जड जातं. म्हणून ते फक्त वरच्या बाजूला ठेव, आत आणि खाली सूतच घाल. बाळाच्या दुपट्यात ते चुकूनही घालू नकोस. कारखान्यातलं कात्रण हवं असेल तर सुपरवायझरला विचारून, गेटपास करून आण. प्रेमाने केलेल्या वस्तूत न विचारता आणलेला तुकडा नको.

माग चालवणाऱ्या नातेवाइकांकडे जॅकार्डची जुनी भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं पडून असतील. त्यांच्यावरून चादरीवरची फुलं-मोर उमटायचे. रद्दीत जाण्याआधी चार मागून घे. वडिलांच्या फोटोंच्या वहीला त्यांचं कव्हर छान दिसतं. आत त्यांच्या जुन्या मित्रांकडून एकेक पान लिहून घे, पहिल्या पगाराला काय आणलं, कुठल्या रात्रपाळीला काय घडलं ते. मराठीत, कानडीत, तेलुगूत, ज्याला जे येतं त्यात. हे काम सुईचं नाही, तुझ्या धाकट्या भावाला सांग.

भावाचं नाव निघालं म्हणून आणखी एक. त्याचं लग्न दोन-तीन वर्षांत होईलच. त्यासाठी आत्तापासून सवडीने एक अंतरपाट भर. साधं पांढरं सुती कापड, मध्ये लाल दोऱ्याचं स्वस्तिक, कडेला साखळी टाका. एका कोपऱ्यात तुझ्या आईवडिलांची नावं आणि त्यांच्या लग्नाचं वर्ष घाल. भावाचं लग्न झालं की त्याच्या जोडीची नावं भर, मग चुलतभावांची. रुखवतातल्या बऱ्याच वस्तू लग्नानंतर माळ्यावर जातात. अंतरपाट पुढच्या लग्नाला परत मागायला लोक येतात.

प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूला दोन ओळी भर: कुणाच्या कापडाची, कुणी केली, कोणत्या वर्षी. वीस वर्षांनी ‘हे कुणाचं गं?’ असं विचारलं जातं तेव्हा सांगणारं माणूस घरात असेलच असं नाही.

एक सावध करते. तुझं दुपटं बारशात सगळ्यांना आवडेल आणि चार जणी लगेच म्हणतील, ‘मलाही एक करून दे ना.’ प्रत्येकीला हो म्हणू नकोस. अगदी जवळच्यांसाठी मायेने कर आणि बाकीच्यांना कापडाचे व कष्टाचे पैसे स्पष्ट सांग. हाताच्या कामाला फुकट म्हणायची सवय आपणच लोकांना लावतो. उद्या तुला यातून चार पैसे मिळवावेसे वाटले तर ते चांगलंच आहे, पण त्यासाठी आधी आपल्या तासाची किंमत आपल्याला कळायला हवी. आणि फोनवर दिसणाऱ्या देखण्या वस्तूंशी तुझं काम ताडून बघू नकोस. त्या मोठ्या दुकानांसाठी केलेल्या असतात, तुझी एका घरासाठी आहे.

आता वेळेचं. तारखेवरून उलटं मोजत ये. बारशाच्या आठ दिवस आधी सगळं धुवून, वाळवून, घडी घालून तयार हवं. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, त्याहून जास्त नाही. कापायचं काम सुट्टीच्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना. टाके मात्र थकल्या हातानेही घालता येतात.

आणि हे सगळं एकटीने ओढू नकोस. दुपट्यावर आजीला चार टाके घालू दे, तिचा हात थरथरला तरी. आईला बंद लावू दे. वहिनीच्या आईला बोलाव, तिच्या माहेरचाही एक तुकडा त्यात येऊ दे. वडिलांना सुई दे. हसतील, पण ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रावर सूक्ष्म मापं सांभाळली त्याला सरळ धावदोरा सहज जमेल. मागच्या कोपऱ्यात मग या सगळ्यांची नावं येऊ देत.

तेव्हा उद्या कामावर जाण्याआधी आजीला फोन लाव. लुगड्याचं विचार, तिची तब्येतही विचार. तिने होकार दिला की मला कळव. कच्चे टाके घालायला रविवारी मी येते, माझी सुई घेऊन.